विश्लेषण : मलिक अंबरच्या नहरीत पाणी अडत का नव्हते? ४०० वर्षांपूर्वीचे शहर आणि पाण्या-हवेच्या कणांची गोष्ट

वाळूजच्या एखाद्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस अचानक जोर धरेनाशी झाली, की ऑपरेटरला पहिली शंका येते लाइनमध्ये हवा शिरल्याची. गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलल्यावर मेकॅनिक आधी 'एअर काढतो', मगच गाडी सोडतो. आणि बजाजनगरच्या एखाद्या इमारतीत गच्चीवरची टाकी भरलेली असूनही खालच्या मजल्यावरचा नळ नुसता फसफसत राहिला, तर प्लंबर सांगतो, पाइपाने हवा धरली.

तिन्ही ठिकाणी कारण एकच आहे. द्रव दाबला तरी दबत नाही, वायू मात्र दबतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ठिपके भरलेले तीन चौकोन असतात, स्थायू, द्रव आणि वायू, त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनातला हा फरक.

नगर रस्त्याने शहरात शिरून भडकल गेटपर्यंत गेले, की हाच फरक ज्याच्या कारागिरांनी ४०० वर्षांपूर्वी बांधकामात उतरवला त्या माणसाच्या गावात आपण येतो. ते गाव म्हणजे खडकी, आजचे छत्रपती संभाजीनगर. ते वसवणारा मलिक अंबर. इतिहासाच्या पुस्तकात तो गनिमी काव्यासाठी आणि जमीन महसुलासाठी भेटतो. त्याची नहर मात्र बहुतेकांना फक्त नावाने माहीत असते.

गुलाम ते मलिक, हा प्रवास कसा झाला?

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीचे नाव चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानात, तिथून बगदादला पोहोचला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभाराची ओळख करून दिली. अंबर हे नावही तिथलेच.

अंबर म्हणजे व्हेल माशाच्या पोटातून मिळणारा मेणासारखा सुगंधी पदार्थ. त्याचा छोटा खडा ठेवला तरी खोलीभर वास पसरतो, कारण त्या स्थायूच्या पृष्ठभागावरून थोडे थोडे कण सुटून हवेत मिसळत राहतात. नाव ठेवणाऱ्याच्या मनात अर्थातच फक्त सुगंध असणार.

१५७० च्या दशकात तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी होते, त्यांतला अंबर एक. काही वर्षांतच चंगीझखान वारला आणि अंबर गुलामीतून सुटला.

त्यानंतरची वीस वर्षे तो फार कुणाच्या नजरेत नव्हता. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली, तिथे मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो दीडशेच्या आसपास घोडेस्वार घेऊन परत अहमदनगरकडे वळला, तेव्हा मुघल फौजा निजामशाहीच्या दारात होत्या. चांदबिबीने किल्ला लढवला, पण १६०० मध्ये अहमदनगर पडले आणि त्याच धामधुमीत तिचा खून झाला.

राजधानी गेली म्हणजे राज्य संपले, असा मुघलांचा हिशेब होता. अंबरने तो मानला नाही. निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला त्याने परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि कारभार स्वतःकडे घेतला. पुढे राजधानी जुन्नरला गेली, मग १६१० मध्ये दौलताबादला. गुलाम म्हणून समुद्र ओलांडून आलेला मुलगा साठीत राज्याचा खरा धनी झाला होता.

खडकीच का निवडली?

दौलताबादचा किल्ला लढायला उत्तम होता, पण राहायला अडचणीचा. फौज, कारागीर, व्यापारी, त्यांची जनावरे या सगळ्यांना मोकळी जागा हवी होती. किल्ल्यापासून काही कोसांवर खडकी हे लहान गाव होते. १६१० मध्ये अंबरने तिथे शहर वसवायला घेतले. १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला.

जागेची अडचण गावाच्या नावातच होती. खाली सगळा काळा बेसॉल्ट. खाम नदी पावसाळ्यात भरून वाहते आणि नंतर आटत जाते. विहिरीच्या भरवशावर गाव चालते, राजधानी चालत नाही. त्या काळच्या फौजेत माणसांइतकीच घोड्यांची, बैलांची, हत्तींची तहान असायची. पाणी आणता आले नसते, तर खडकी ही एका मोसमाची छावणी ठरली असती.

शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत आणि खामचे खोरे आहे. पाणी तिथून आणायचे ठरले. या योजनेलाच पुढे नहर-ए-अंबरी असे नाव पडले.

डोंगरात पाणी असते म्हणजे नेमके कुठे असते?

बेसॉल्टचे कण जागच्या जागी घट्ट बांधलेले असतात. ते थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. म्हणून दगड आपला आकार टिकवतो आणि त्यातून पाणी आरपार जात नाही. पण लाव्हा थंड होऊन हा दगड बनला, तेव्हा तो आकसला आणि त्याला भेगा पडल्या. दोन थरांमध्ये मऊ, झिजलेला मुरूमही आहे. पाणी साठते ते या भेगांमध्ये आणि मुरमात.

द्रवाचे कण एकमेकांना खेटून असतात, तरी एकमेकांवरून घसरू शकतात. म्हणूनच पाणी कुठल्याही भेगेचा आकार घेते आणि उताराची वाट शोधत राहते. अंबरच्या लोकांनी केले ते असे, की वर धरण बांधून पाणी अडवले नाही. जमिनीखाली बांधीव भुयारी पाट काढला आणि झिरपणारे पाणी त्यात उतरू दिले. पाटाला बेताचा उतार दिला, वर छत घातले आणि मध्ये मध्ये साफसफाईसाठी उतरायला झरोके ठेवले.

छत घालण्यामागे स्वच्छता आणि सुरक्षितता ही कारणे होतीच. तिसरे कारण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सर्वात मोठे ठरते.

पाण्याच्या पृष्ठभागावरचे सगळे कण सारख्या वेगाचे नसतात. त्यातले जास्त वेगवान कण शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निघून जातात. हेच बाष्पीभवन, त्यासाठी पाणी उकळावे लागत नाही. उघड्या तळ्यावर ऊन कणांचा वेग वाढवते आणि वारा निसटलेले कण लांब नेतो, त्यामुळे गेलेले परत येत नाहीत. बंद पाटात ऊन नाही, वारा नाही. आतली हवा लवकरच बाष्पाने भरते आणि मग जितके कण पाण्यातून सुटतात, जवळजवळ तितकेच परत पाण्यात पडतात. म्हणजे छताखालचे पाणी टिकते. जायकवाडीच्या उघड्या जलाशयावर उन्हाळ्यात रोज पाणी उडताना पाहणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

पाणी दबत नाही, हवा दबते : कणांच्या भाषेत याचा अर्थ काय?

एक मिलीलीटर पाण्यात साधारण ३३ हजार अब्ज अब्ज रेणू असतात. ते इतके जवळ असतात, की मध्ये जागाच उरत नाही. हवेत मात्र दोन रेणूंमधले सरासरी अंतर रेणूच्या आकाराच्या सुमारे दहापट असते. सेकंदाला काहीशे मीटरच्या वेगाने ते धावत असतात, एकमेकांवर आणि भिंतींवर आदळत असतात. या आदळण्यालाच आपण हवेचा दाब म्हणतो.

आता दोघांवर दाब देऊन पाहा. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला, तर तो निम्म्यापर्यंत सहज जातो. आतला दाब दुप्पट झाला, की हवेचे आकारमान निम्मे होते. रेणू जवळ आले, त्यांना जागा होती. त्याच पंपात पाणी भरले तर दांडा हलणार नाही. पाण्यावर वातावरणाइतका जादा दाब दिला तर त्याचे आकारमान लाखात जेमतेम पाच भागांनी कमी होते.

याचा कारखान्यातला उपयोग वाळूजमध्ये रोज होतो. जिथे जोर जसाच्या तसा पोहोचवायचा आहे तिथे तेल, म्हणजे हायड्रॉलिक. जिथे झटका आणि लवचिकता हवी तिथे हवा, म्हणजे न्यूमॅटिक. तेलाच्या लाइनमध्ये हवेचा बुडबुडा शिरला, की पिस्टनचा जोर पुढे जाण्याऐवजी तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागते ते यामुळे.

पाण्याच्या नळात हाच प्रकार आणखी त्रासदायक होतो, कारण तिथे पिस्टन नसतो. मागच्या पाण्याचे वजन हाच सगळा जोर. नळ जमिनीच्या चढ-उतारासोबत वर-खाली जात असेल, तर प्रत्येक उंचवट्यावर हवा जमते. हवा पाण्यापेक्षा कितीतरी हलकी, ती वरची जागा सोडत नाही. तिथे पाण्याची वाट अरुंद होते. प्रत्येक उंचवट्यावरची हवा मागच्या जोराचा थोडा थोडा वाटा खाते. असे चार-पाच उंचवटे आले, की मूळ टाकी काठोकाठ भरलेली असूनही शेवटच्या टोकाला थेंब येत नाही.

बरे, ही हवा बाहेरूनच शिरते असेही नाही. साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण १५ ते २० मिलीलीटर हवा विरघळलेली असते. पाणी थोडे तापले किंवा त्यावरचा दाब कमी झाला, की ती बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. रात्रभर ठेवलेल्या ग्लासच्या कडेला सकाळी दिसणारे बारीक बुडबुडे हेच. नळ कितीही चोख बांधला तरी पाण्यासोबत हवा येणारच, ती काढायची सोय आधीपासून हवी.

मग मनोरे कशासाठी होते?

शहराजवळ आल्यावर नहरींचे पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून वाटले जाई. हे नळ दगड-चुन्यात गच्च बसवलेले असत. वाटेत ठरावीक ठिकाणी विटा-दगडांचे उंच चौकोनी खांब उभारलेले असत. जुन्या शहरात आणि हर्सूल, जटवाड्याच्या बाजूला अशा खांबांचे अवशेष लोकांनी पाहिलेले आहेत. अनेकांना ते पडक्या बुरुजाचे तुकडे वाटतात.

या खांबांची कामे दोन. एक तर वर सांगितलेली हवा. नळातले पाणी खांबात चढते, वर मोकळ्या हवेला भेटते आणि सोबत आलेले बुडबुडे तिथे निघून जातात. प्लंबर आज गच्चीवर पाइपाचे एक टोक उंच नेऊन उघडे ठेवतो, त्याला 'एअर पाइप' म्हणतो, तेच हे.

दुसरे काम दाबाचे. पाण्याचा दर दहा मीटरचा उभा थर खाली साधारण एका वातावरणाइतका दाब वाढवतो. डोंगरातून सलग बंद नळ काढला असता, तर खालच्या टोकाला मातीच्या नळाला तो पेलला नसता. भाजलेली माती हा स्थायू असला तरी तिचे कण लोखंडाइतके एकसंध जुळलेले नसतात, मध्ये बारीक छिद्रे असतात. माठात पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे, आणि जादा दाबाखाली नळ तडकतो तोही त्यामुळेच. पाणी खांबाच्या वरच्या टोकाला येऊन उघडे पडले, की वरचा साठलेला दाब तिथे संपतो. पुढच्या नळाला फक्त त्या खांबाच्या उंचीएवढाच दाब सोसावा लागतो. म्हणजे एक मोठा दाब अनेक लहान टप्प्यांत वाटला गेला.

मोटर नाही, व्हॉल्व्ह नाही, हलणारा एकही भाग नाही. देखभाल म्हणजे गाळ काढणे आणि फुटलेला नळ बदलणे.

'पाणी वर चढायचे' हे खरे आहे का?

नहरीबद्दल सांगताना पाणी उलटे वर चढायचे, असे हमखास सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. पाणी खांबात वर चढे, पण उगमाच्या पातळीपेक्षा वर कधीच नाही. डोंगरातला पाट शहरापेक्षा उंचावर होता. मधल्या सखल भागात नळ खाली जाई आणि पलीकडे पुन्हा वर येई. मागच्या पाण्याचे वजन पुढच्या पाण्याला ढकलत असे. चहाच्या किटलीच्या नळीतला चहा किटलीतल्या चहाच्या पातळीला येऊन थांबतो, तसेच हे.

याला सरसकट सायफन म्हटले जाते, तिथेही थोडी गल्लत होते. खरा सायफन म्हणजे ड्रममधून नळीने डिझेल काढतात तो. त्यात द्रव आधी काठावरून वर जातो, मग खाली उतरतो, आणि त्याला वर रेटणारी असते बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवा पाण्याला फार तर दहा मीटर वर रेटू शकते. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. इथे डोक्यावरची हवा थोडी विरळ, म्हणून ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. (त्याच कारणाने इथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.) खऱ्या सायफनला वर भोक पाडले तर हवा आत शिरून तो बंद पडतो. उघड्या तोंडाचे खांब असलेली योजना म्हणजे सखल भाग ओलांडणारा उलटा सायफन. नाव सारखे, पण चालण्याची तऱ्हा वेगळी.

हे सगळे कागदावर यायला अजून बराच अवधी होता. हवेला वजन आणि दाब असतो हे दाखवणारा टॉरिसेलीचा प्रयोग १६४३ चा, अंबरच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी झालेला. दाब आणि आकारमानाचा बॉइलचा नियम १६६२ चा. वायूचा दाब म्हणजे कणांचे आदळणे, ही मांडणी बर्नुलीने १७३८ मध्ये केली. डाल्टनचा अणुसिद्धांत १८०८ मध्ये आला, आणि अणू-रेणू खरोखर असतात याबद्दलची शंका संपायला विसाव्या शतकातले पेरँचे प्रयोग लागले. खडकीच्या गवंड्यांना कण माहीत नव्हते. बंद नळात हवा अडते आणि पाणी आपली पातळी सोडत नाही, एवढे मात्र त्यांना हाताने माहीत होते. इराणच्या भुयारी कालव्यांपासून बिदर-विजापूरच्या पाणीयोजनांपर्यंतची कारागिरी त्यांच्या मागे होती. अंबरला बगदाद आणि विजापूर दोन्हीकडचा अनुभव होता, हेही विसरून चालणार नाही.

दगड जोडणाऱ्या चुन्यात हवा कशी मिसळली?

त्या काळी सिमेंट नव्हते, चुना होता. चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड हा वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू उडतो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो, त्याची भुकटी होते. वाळू मिसळून, घाणीत मळून तो दगडांमध्ये भरला, की पुढची कित्येक वर्षे हवेतला तोच वायू हळूहळू परत घेत राहतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. वायूचे मोकळे धावणारे कण स्थायूत कायमचे अडकतात. सततच्या ओलीत नुसता चुना नीट बसत नाही, म्हणून पाण्याच्या बांधकामात त्यात विटांची पूड, म्हणजे सुर्खी, घालण्याची पद्धत होती. दख्खनमधले जुने हौद आजही पाणी धरतात त्यात या सुर्खीचा हात आहे.

शहर दोनदा का उद्ध्वस्त झाले?

अंबरचे नाव जहांगीरला इतके सलत होते, की १६१६ च्या सुमारास त्याने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. त्यात बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीर आणि अंबर कधी समोरासमोर आले नाहीत. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

त्याच १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मुघल फौजेने खडकी लुटली, जाळली. पुन्हा वस्ती झाली. १६२१ मध्ये शहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या फौजेने ती परत उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा शहर त्याच जागी पुन्हा उभे राहिले. घरे लाकडामातीची होती, ती जळून गेली. जमिनीखालच्या पाटाला आग लागत नाही. पाणी होते, म्हणून लोक परतले असे म्हणायला जागा आहे.

मधल्या काळात कारभारही चालू होता. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मराठी मुलखात पुढे बराच काळ आदर्श म्हणून सांगितली गेली.

भातवडीत पाण्याने काय केले?

१६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन अंबरवर चालून आल्या. तो तेव्हा पंचाहत्तरीत होता. अहमदनगरजवळ भातवडीला गाठ पडली. शत्रूचे बळ जास्त होते. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला आणि पाणी शत्रूच्या बाजूला सोडले.

काळ्या रानातून पावसाळ्यात चप्पल घालून गेलेल्या कोणालाही पुढचे कळेल. कोरडी काळी माती दगडासारखी टणक असते, तिच्या कणांचे एकमेकांशी घर्षण होते म्हणून ती वजन पेलते. या मातीत अतिशय पातळ पापुद्र्यांची खनिजे असतात आणि पाण्याचे रेणू थेट त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतात. माती फुगते, दोन कणांमध्ये पाण्याचा थर येतो आणि ते घसरू लागतात. (मातीचा कण म्हणजे रेणू नव्हे. एका बारीक कणातही असंख्य अणू असतात.) जी जमीन घोडा आणि तोफगाडा सहज पेलत होती तिच्यात दोन्ही रुतायला लागले. रसद आधीच तोडलेली होती. दमलेल्या आणि उपाशी फौजेवर अंबरच्या हलक्या घोडदळाने छापे घातले आणि शेवटी ती मोडली. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला.

या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि नावारूपाला आले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच पडले. जड फौजेला अडचणीच्या जागी ओढायचे, रसद तोडायची आणि मग हलक्या घोडदळाने गाठायचे, ही रीत पुढच्या पिढीत सह्याद्रीत किती कामाला आली ते महाराष्ट्राला माहीत आहे.

नंतर नहरीचे आणि शहराचे काय झाले?

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. वय ऐंशीच्या जवळ. त्याची कबर खुलताबादला आहे. मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर नाव दिले. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला आणि शहर औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर.

मुघल काळात लोकसंख्या वाढली तशा आणखी नहरी काढल्या गेल्या, तंत्र तेच. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक. पर्यटक ती अनेकदा मलिक अंबरची समजतात, पण ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली आणि अंबरनंतरच्या काळातली आहे. डोंगरातून आलेले पाणी तिथे उंच भिंतीवरून हौदात कोसळते आणि त्याच पाण्याच्या जोरावर धान्य दळणारे जाते फिरे.

आज शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीतून, विजेच्या पंपांनी वर चढवून. धरण शहरापेक्षा खाली आहे, त्यामुळे उताराचा फायदा इथे नाही. वीज गेली की उपसा थांबतो आणि वाहिनी रिकामी झाली की तिच्यात हवा शिरते. मोठ्या जलवाहिन्यांवर रस्त्याच्या कडेला मध्ये मध्ये लोखंडी बोंडासारखा भाग वर आलेला दिसतो. तो एअर व्हॉल्व्ह. पाणी परत सुरू झाले, की त्यातून आधी फुस्स आवाज करत हवा निघते, मग दोन-चार थेंब उडतात आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो.